रिमाइंडर लावला होता, पण फोन वाजलाच नाही: क्रमाने काय काय तपासायचं

गोव्यातल्या डिचोली बाजारात माझं झेरॉक्स आणि मोबाईलच्या सामानाचं छोटं दुकान आहे. चार्जर घ्यायला, फॉर्म भरायला आलेली माणसं जाता जाता एक तक्रार हमखास सांगतात: "रिमाइंडर लावलेला रे, वाजलाच नाही." कुणाची रक्तदाबाची गोळी चुकते. कुणाची बांबोळीला गोमेकॉ इस्पितळात तपासणीला जायची तारीख हुकते. कुणाचा पाडेली नारळ पाडायला येऊन दार बंद बघून परत जातो. नाटकाच्या तालमीला एक नट आला नाही की दहाजण रात्री अकरापर्यंत ताटकळतात. हाच बिघाड मी इतक्या फोनांत काढलाय की तपासायचा क्रम आता हाताला ठरून गेलाय. तोच इथे लिहितो. बहुतेक फोन पहिल्या अर्ध्या तासात, एक पैसा खर्च न करता, ठीक होतात.

आधी लक्षण ओळखा

"वाजत नाही" या एका वाक्यात निदान चार-पाच वेगळे बिघाड लपलेले असतात. तुमचा कुठला ते आधी बघा.

फोन गप्प पडून असतो, पण हातात घेऊन लॉक उघडला की लगेच टिंग करून रिमाइंडर येतो. गोळी सहाची आणि आवाज पावणेसातला. हे सगळ्यांत जास्त दिसणारं लक्षण. यात ॲप बिघडलेलं नसतं, फोनने त्याला झोपवून ठेवलेलं असतं.

रिमाइंडर पडद्यावर वेळेत आलेला दिसतो, पण आवाज झालाच नाही. हा आवाजाच्या सेटिंगचा किंवा परवानगीचा घोळ.

वाजतो, पण भलत्याच वेळी. दीड तास उशिरा, बारा तास आधी, नाहीतर एक दिवस अलीकडे. इथे वेळ भरतानाची चूक असते, नाहीतर टाइम झोनची.

महिनाभर छान वाजत होता आणि अचानक बंद पडला. मध्ये अपडेट आलं होतं का, कुणी फोन "साफ" करून दिला का, हे आठवून बघा.

आणि शेवटचं, घड्याळातला साधा अलार्मसुद्धा ऐकू येत नाही. मग एक तर आवाज पूर्ण खाली आहे, नाहीतर स्पीकरच गेलाय.

पाच मिनिटांची परीक्षा

काहीही बदलण्याआधी ही करा. फोन चार्जरवरून काढा. घड्याळाच्या ॲपमध्ये तीन मिनिटांनंतरचा अलार्म लावा. ज्या ॲपबद्दल तक्रार आहे त्यात पाच मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावा. फोन लॉक करून टेबलावर ठेवा आणि हात लावू नका.

दोन्ही गप्प राहिले तर आवाज किंवा स्पीकर तपासायचा. अलार्म वाजला आणि रिमाइंडर नाही, तर परवानग्या आणि बॅटरी. दोन्ही वाजले तर सुटलात असं समजू नका, कारण फोन गाढ झोपतो तो बराच वेळ न हलता पडून राहिल्यावरच. मग हीच परीक्षा रात्रीची करायची: फोन चार्जरला न लावता झोपा, ॲपमध्ये सकाळी सहाचा रिमाइंडर आणि घड्याळात सहा-पाचचा अलार्म लावून ठेवा. दुकानात आणलेला फोन माझ्यासमोर नेहमी शहाण्यासारखा वागतो तो याचमुळे. तो हातात असतो, पडदा चालू असतो, झोपायला त्याला सवडच मिळत नाही.

जे दिसेल ते वहीत लिहा. लावलेली वेळ, वाजलेली वेळ, चार्जर लावलेला होता की नाही. या नोंदीचं महत्त्व मला ज्यांनी शिकवलं त्यांची गोष्ट पुढे येईल.

आवाज, आणि आवाज कुठे जातोय

ॲन्ड्रॉइड फोनमध्ये आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात: गाण्यांची, रिंगची, नोटिफिकेशनची आणि अलार्मची. बाजूचं बटण दाबल्यावर बहुतेक फोनवर फक्त गाण्यांची पट्टी वरखाली होते. म्हणून यूट्यूब ठणाणा वाजतं आणि रिमाइंडर कुजबुजतो. सेटिंग्जमधल्या आवाजाच्या पानावर जाऊन प्रत्येक पट्टी स्वतंत्र बघा. रिमाइंडर बहुतेक ॲपांत नोटिफिकेशनच्या पट्टीवर वाजतो, अलार्मच्या नव्हे.

मग "डू नॉट डिस्टर्ब", म्हणजे फोन गप्प ठेवणारी सोय, बघा. हे हाताने चालू होतं, नाहीतर वेळापत्रकाने आपोआप. रात्री दहा ते सकाळी सात असं वेळापत्रक कुणीतरी लावून दिलेलं असेल तर सहाची गोळी त्यात बुडणारच. त्यातल्या अपवादांच्या यादीत अलार्म बहुधा आधीपासून असतात, पण रिमाइंडर आणि कॅलेंडर वेगळे चालू करावे लागतात. झोपेच्या वेळेसाठी असलेलं "बेडटाइम मोड" हेसुद्धा हेच काम करतं. काही फोन टेबलावर पालथे ठेवले की गप्प होतात. ही सवय असलेली माणसं मी बरीच बघितली.

ब्लूटूथ विसरू नका. कानातली इयरफोनची जोडी डबीतून बाहेर उशीखाली राहिली, किंवा देवघरातला भजनाचा स्पीकर जोडलेला राहिला, तर नोटिफिकेशनचा आवाज तिकडे जाऊ शकतो. झोपताना ब्लूटूथ बंद ठेवून एक रात्र बघा.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. काही जोडलेलं नसताना वरच्या पट्टीत हेडफोनचं चिन्ह दिसतं. इयरफोनच्या किंवा चार्जिंगच्या भोकात दमटपणा शिरला की फोनला वाटतं हेडफोन लावलाय, आणि तो सगळा आवाज तिथे पाठवतो. फोन पंख्याखाली काही तास कोरड्या जागी ठेवा. तोवर चार्जर लावू नका.

या सगळ्या वेळी कव्हर एकदा काढून बघा. स्वस्तातल्या जाड कव्हरची खाच स्पीकरच्या भोकावर बरोबर बसत नाही आणि निम्मा आवाज आतच दबतो. कव्हर काढायला दोन सेकंद लागतात, म्हणून ते आधी.

वेळ भरताना होणाऱ्या चुका

सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ "ऑटोमॅटिक" असावी. टाइम झोनही ऑटोमॅटिक. भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे, दुबईची चार तास पुढे, कुवेतची तीन तास पुढे. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वाड्यावरचं कुणी ना कुणी आखातात किंवा बोटीवर असतं, म्हणून हा बिघाड गोव्यात मला वारंवार भेटतो. दुबईहून सुट्टीवर आलेल्या शेजाऱ्याने तिथे असताना कॅलेंडरमध्ये "रोज सकाळी आठ, आईची गोळी" असं लावलेलं होतं. इथे ते साडेनऊला वाजायला लागलं. कॅलेंडरची नोंद ज्या देशाच्या वेळेत केली त्या वेळेला बांधलेली राहते, आणि दुबईचे आठ म्हणजे आपले साडेनऊ. घड्याळाच्या अलार्मचं तसं नाही. तो फोनवर जी वेळ दिसते तीच धरतो. त्याच्या फोनमधल्या सगळ्या आवर्ती नोंदी उघडून टाइम झोन भारताचा केला, काम झालं.

दुसरी चूक रात्री बाराची. "५ तारखेला रात्री बारा" असं मनात धरून माणूस ५ तारीख निवडतो आणि बारा एएम दाबतो. फोनच्या हिशेबात ती ५ तारखेची सुरुवात, म्हणजे ४ तारखेची रात्र. फोन चोवीस तासांच्या पद्धतीवर टाका आणि रात्रीची आठवण २३:५० ला लावा. सकाळ-संध्याकाळचा गोंधळही त्यातच मिटतो.

तिसरं म्हणजे "रिपीट". एकदाच वाजणारा अलार्म लावून तो रोज वाजेल असं धरलेलं असतं. आठवड्याच्या वारांवर खूण आहे का ते बघा. आणि कॅलेंडरमध्ये "ऑल डे" म्हणून टाकलेल्या नोंदीची सूचना किती वाजता, किती दिवस आधी, हे वेगळं ठरवावं लागतं. ते ठरवलं नसेल तर नोंद त्या दिवशी नुसती पानावर दिसेल, वाजणार नाही.

इथेच तिथींचा विषय येतो आणि त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत निम्म्या आठवणी तिथीच्या असतात. चवथ (गणेश चतुर्थी), घरचं श्राद्ध, देवळातली पालखी, शिरगावच्या लईराईची वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा आणि धोंडांचं (देवीच्या व्रतस्थ भक्तांचं) त्याआधीचं व्रत. हे "दरवर्षी" म्हणून कॅलेंडरमध्ये टाकलं की पुढच्या वर्षी हमखास चुकतं. चवथ २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-बारा दिवस मागे सरकते. मग साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो आणि ती परत पुढे जाते. फोन फक्त इंग्रजी तारीख मोजतो. तेव्हा तिथीच्या कुठल्याही नोंदीवर "दरवर्षी" लावू नका. नवी दिनदर्शिका घरात आली की अर्धा तास बसा, वर्षभराच्या तिथी एकेक तारीख बघून भरा आणि प्रत्येकीला दोन सूचना द्या: एक आठ दिवस आधीची, सामान आणायला, आणि एक आदल्या संध्याकाळची. श्राद्धासाठी भटजींना सांगायचं असतं, तिथे पंधरा दिवस आधीची तिसरी.

परवानग्या

आता अलार्म वाजतो आणि ॲपचा रिमाइंडर वाजत नाही, अशा फोनांकडे. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा, ते ॲप निवडा. यादी लांब असेल तर वरच्या शोधपट्टीत नाव टाका. फोनची भाषा मराठी केली असेल तर पानांची नावं वेगळी दिसतील, पण शोधपट्टी तिथेही असते.

पहिली परवानगी नोटिफिकेशनची. २०२२ मध्ये आलेल्या ॲन्ड्रॉइड १३ पासून नवं ॲप ही परवानगी विचारूनच घेतं. त्या क्षणी घाईत "नको" दाबलं की ॲप आतून सगळं बरोबर करतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. नोटिफिकेशन चालू असेल तर आत जाऊन प्रकारही बघा. एकाच ॲपच्या सूचनांचे गट असतात, आणि त्यातला "रिमाइंडर" नावाचा गट "सायलेंट" वर गेलेला असू शकतो. सूचना आली असताना ती बोटाने दाबून धरल्यावर "डिफॉल्ट" (काही फोनांवर "अलर्टिंग") आणि "सायलेंट" असे पर्याय येतात. त्यात चुकून सायलेंट दाबलं जातं, विशेषतः घरातली मुलं फोन हाताळतात तेव्हा.

दुसरी परवानगी "अलार्म्स अँड रिमाइंडर्स" नावाची. ही २०२१ च्या ॲन्ड्रॉइड १२ मध्ये आली आणि २०२३ च्या ॲन्ड्रॉइड १४ पासून बऱ्याच नव्या ॲपांना ती आपोआप मिळत नाही, हाताने द्यावी लागते. नेमक्या मिनिटाला वाजायचा हक्क या परवानगीने मिळतो. ती नसेल तर ॲपचा रिमाइंडर फोनच्या सोयीने, इतर कामांसोबत गठ्ठ्यात वाजतो. सहाचं सहा-बाराला. फोन नवीन घेतल्यावर "जुन्या फोनवर बरोबर वाजायचा, यावर उशीर होतो" असं कुणी म्हटलं की मी सगळ्यात आधी हीच जागा उघडतो.

त्याच पानावर खाली एक बटण असतं: ॲप न वापरल्यास त्याचं काम थांबवा, अशा अर्थाचं. ते रिमाइंडरच्या ॲपसाठी बंद करा. काही महिने ॲप उघडलं नाही की फोन त्याच्या परवानग्या काढून घेतो. वर्षातून दोनदाच लागणाऱ्या आठवणी, गाडीचा विमा, घरपट्टी, यातच मरतात.

बॅटरी वाचवायला झोपवलेलं ॲप

सगळ्या बिघाडांचा राजा हाच, म्हणून इथे थांबतो.

माझ्या शाळेतल्या एक बाई, आता निवृत्त, मये गावात राहतात. पहाटे साडेपाचला, चहाआधी, त्यांची थायरॉइडची गोळी असते. त्यांनी गोळ्यांचं एक ॲप घेतलं होतं. दोन-तीन दिवस वाजायचं, मग एक दिवस गप्प. तीनदा फोन घेऊन दुकानात आल्या. तिन्ही वेळा माझ्यासमोर ॲप अगदी वेळेवर वाजलं. मी ॲप काढून परत घातलं, काही उपयोग झाला नाही. चौथ्या वेळी त्या वही घेऊन आल्या.

"हे बघ," म्हणाल्या, "न वाजलेल्या दिवसांवर मी फुली केलीय."

मी तारखा बघत होतो, काही सुचत नव्हतं. त्याच पानावर बाजूला त्यांनी दुसरंही काही लिहिलं होतं, फ्रीजमधल्या दुधासाठी: कुठल्या रात्री लाईट गेली ते. प्रत्येक फुलीसमोर लाईट गेलेली होती.

"बाई, फोन रात्री चार्जरला लावून झोपता ना?"

"रोज. मग?"

मग सगळं उलगडलं. ॲन्ड्रॉइडमध्ये २०१५ पासून, सहाव्या आवृत्तीपासून, "डोझ" नावाची सोय आहे. चार्जर लावलेला नसेल, पडदा बंद असेल आणि फोन हलत नसेल, तर थोड्या वेळाने फोन स्वतःला गाढ झोपवतो. ॲपांची बहुतेक कामं तो बाजूला ठेवतो आणि अधूनमधून थोडा वेळ जागा होऊन ती एकदम उरकतो. जितका जास्त वेळ पडून राहील तितकं हे जागं होणं लांबत जातं. पडदा चालू केला किंवा चार्जर जोडला की झोप मोडते. म्हणूनच फोन उचलल्यावर सगळ्या सूचना एकदम पडतात. बाईंचा फोन चार्जरला असेपर्यंत झोपतच नव्हता. पावसात रात्री लाईट गेली की चार्जर नुसता लटकलेला, फोनच्या दृष्टीने काढल्यासारखाच, आणि मग डोझ चालू.

घड्याळाच्या अलार्मला या झोपेतून सूट आहे. नीट बनवलेल्या ॲपांनाही ती मागता येते, पण सगळी ॲपं मागत नाहीत.

उपाय असा. ॲपच्या पानावर बॅटरीचा विभाग उघडा आणि "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या पानावर "नेव्हर स्लीपिंग ॲप्स" अशी यादी असते, त्यात ॲप टाका. शाओमीमध्ये "ऑटोस्टार्ट" वेगळं चालू करायचं असतं. ओप्पो आणि रिअलमीमध्ये "ऑटो लाँच" शोधा. प्रत्येक आवृत्तीत ही पानं थोडी हलतात, म्हणून शोधपट्टीत "बॅटरी" आणि "ऑटो" हे दोन शब्द टाकून बघा. हे फक्त त्या एका-दोन ॲपांसाठी करा. सगळ्यांनाच मोकळं सोडलं तर फोन दुपारीच संपेल. संपलेला फोन बहुधा अलार्मसुद्धा वाजवत नाही.

सोबत बॅटरी सेव्हर बघा. तो पंधरा-वीस टक्क्यांवर आपोआप चालू होतो, आणि पहाटेच फोन तिथवर उतरलेला असतो. "क्लीनर", "बूस्टर" म्हणून घेतलेली ॲपं काढून टाका. ती मागची ॲपं बंद करत राहतात. एखादं ॲप सेटिंग्जमधून "फोर्स स्टॉप" केलं की त्याने लावलेले सगळे अलार्म रद्द होतात, आणि तुम्ही ते पुन्हा हाताने उघडेपर्यंत ते मेल्यासारखं पडून राहतं. महिनाभर छान वाजून अचानक बंद पडणाऱ्या फोनांत हे कारण बऱ्याचदा निघतं. कुणीतरी प्रेमाने फोन "हलका" करून दिलेला असतो.

बाईंची गोळी आम्ही घड्याळाच्या अलार्मवर टाकली, नाव दिलं "गोळी, मग चहा". ॲप फक्त महिन्याच्या गोळ्या संपत आल्या हे सांगायला ठेवलं. चुकलीच तर चालणार नाही अशी प्रत्येक आठवण मी आता घड्याळाच्या अलार्मवरच टाकायला सांगतो. कॅलेंडर बाकीच्यांसाठी.

फोन रात्रीतून बंद होऊन चालू झाला तर

अपडेट मध्यरात्री स्वतः बसतं आणि फोन पुन्हा चालू होतो. तुम्ही पिन टाकून एकदा उघडेपर्यंत बहुतेक ॲपं कामाला लागतच नाहीत, कारण त्यांची माहिती कुलपात असते. सकाळी फोन पिन मागतोय आणि बोटाचा ठसा घेत नाही, तर तो रात्री रीस्टार्ट झालाय असं समजा. उपाय सोपा: अपडेट स्वतः दुपारी करा, आपोआप रीस्टार्ट बंद करा.

आयफोनवाल्यांसाठी

इथे बॅटरीचा त्रास कमी. "फोकस" (आयफोनचं डू नॉट डिस्टर्ब) चालू आहे का ते बघा. बाजूचं सायलेंटचं बटण घड्याळाच्या अलार्मला अडवत नाही, पण रिमाइंडर ॲपच्या आवाजाला अडवतं. चेहऱ्याने उघडणाऱ्या आयफोनमध्ये "अटेन्शन अवेअर" नावाची सोय असते. तुम्ही पडद्याकडे बघताय असं दिसलं की अलार्मचा आवाज ती कमी करते. अलार्म सुरू होऊन लगेच मंदावत असेल तर ती बंद करा.

सिंक, जागा आणि पुन्हा बसवणं

मुलीने पर्वरीच्या ऑफिसातून संगणकावर नोंद टाकली आणि वाळपईच्या पुढे, जिथे रेंज येते-जाते, तिथे आईच्या फोनवर आली नाही. हे सिंकचं काम. नोंद फोनवर पोचायला नेट लागतं. एकदा पोचली की वाजायला नेट लागत नाही. म्हणून कॅलेंडर उघडून नोंद दिसते का ते आदल्या दिवशी बघा. दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली कॅलेंडरचं सिंक चालू करा. दोन अकाउंट असतील तर दोघी एकाच अकाउंटच्या कॅलेंडरवर लिहिताहेत ना हेही बघा. फोनची जागा काठोकाठ भरली असेल तर आधी ती मोकळी करा. भरलेल्या फोनवर सिंकच काय, काहीच धड चालत नाही.

मग ॲप अपडेट करा, आणि "क्लिअर कॅश" करा. "क्लिअर डेटा" आणि ॲप काढून टाकणं या दोन्हींत धोका आहे. काही ॲपं रिमाइंडर फक्त फोनमध्येच ठेवतात, ते सगळे जातील. आधी यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी एकदा एका तालीम मंडळाच्या सूत्रधाराचं ॲप न बघता काढलं आणि त्याच्या महिनाभराच्या तालमींच्या तारखा गेल्या. तेव्हापासून स्क्रीनशॉट काढल्याशिवाय मी हात लावत नाही.

स्पीकर

इथवर येऊनही घड्याळाचा अलार्म, गाणी, रिंग, सगळंच घोगरं किंवा बंद असेल तर भोक बघा. आमच्या भागातली तांबडी धूळ, पीठ, पावडर तिथे घट्ट बसते. फोन बंद करून स्पीकरची बाजू खाली धरा आणि मऊ, कोरड्या टूथब्रशने हलकेच झाडा. सुई किंवा पिन घालू नका, आतली जाळी फाटते. हेअर ड्रायरही नको. भिजलेला फोन तांदळात पुरू नका. तांदळाची भुकटी भोकात जाऊन आणखी घाण होते. बंद करून, चार्जर न लावता, हवेशीर ठेवा.

इथे थांबा

मागचं झाकण उचललेलं दिसलं, पडदा मधून फुगला किंवा फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो, तर बॅटरी फुगलीय. त्याच क्षणी चार्जिंग थांबवा, फोन बंद करा, दाबू नका, टोचू नका, अंथरुणापासून दूर फरशीवर ठेवा आणि जाणकाराकडे न्या. अलार्मचं नंतर बघू.

चाळीस टक्क्यांवर फोन आपोआप बंद होतो, पाणी आत गेलंय, ब्रश मारूनही स्पीकर मुका आहे, चार्जिंगचं भोक हिरवट पडलंय, तर घरी उघडू नका. वॉरंटीत असेल तर आधी कंपनीचं सेवा केंद्र. बाहेर उघडलेला फोन ते बहुधा वॉरंटीत घेत नाहीत.

पूर्ण रीसेट हा शेवटचा उपाय. फोटो, संपर्क आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप झाला आहे, आणि गुगल अकाउंटचा पासवर्ड तुम्हाला पाठ आहे, या दोन्हींची खात्री असल्याशिवाय तो करू नका, कुणाला करूही देऊ नका. पासवर्ड नसेल तर रीसेटनंतर फोन अडकून बसू शकतो.

इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी, फिटची गोळी, यांच्यासाठी एका फोनवर विसंबू नका. सात घरांची गोळ्यांची डबी आणि सेलवर चालणारं साधं टेबल घड्याळ सोबत ठेवा. जुना बटणांचा फोन असेल तर तोही चालेल. त्यात ॲप झोपवणारी यंत्रणाच नाही. मात्रा चुकलीच तर मनाने दोन एकदम घेऊ नका, डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारा.

दुरुस्तीला जाताना वही न्या: कुठलं ॲप, लावलेली वेळ, वाजलेली वेळ, चार्जर होता का, लाईट होती का. एवढं कळलं की दुरुस्त करणाऱ्याचा तासभर वाचतो. पिन मात्र कागदावर लिहून देऊ नका. समोर बसा आणि फोन स्वतः उघडून द्या.